सीमोल्लंघनाआधीची सभा

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या एखाद्या फाट्यावर उभं राहिलं असतं, तर समोरून येणारी जीप कुणीकडे वळणार हे तिच्या काचेवरच्या फोटोवरून सांगता आलं असतं. फोटो गोपीनाथ मुंड्यांचा असेल तर गाडी पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला निघालेली. मनोज जरांगे पाटलांचा असेल तर नारायणगडाला. दोन्हीकडे दसरा मेळावा, दोन्हीकडे डोक्यावर ऊन, दोन्हीकडे गर्दीचे आकडे लाखांत सांगणारे कार्यकर्ते. सावरगावात पंकजा मुंडे, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्या शेजारी बसलेले चुलत भाऊ धनंजय. नारायणगडावर एकटे जरांगे. आपट्याची पानं वाटायची राहिली ती रात्री घरी परतल्यावर.

एकाच जिल्ह्यात, एकाच सणाला, आपणच खरी जनता असं सांगणारी दोन मैदानं. ही वेळ कशी आली याची गोष्ट भजनापासून सुरू होते.

बीडकडे गड म्हटलं की तोफा-बुरूज आठवत नाहीत, टाळ-मृदंग आठवतो. डोंगरावरचं वारकऱ्यांचं ठाणं म्हणजे गड. नगद नारायण महाराजांचा नारायणगड त्यांतला जुना. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. सावरगाव घाटच्या सानपांच्या घरात १८९६ साली जन्मलेला आबाजी नावाचा मुलगा याच नारायणगडावर माणिकबाबांच्या हाताखाली वाढला, भगवानबाबा झाला. पुढे गडावर बिनसलं. बाबांनी नारायणगड सोडला आणि नगर जिल्ह्याच्या हद्दीत, पाथर्डी तालुक्यातल्या धौम्यगडावर नवं ठाणं उभं केलं. त्याचा भगवानगड झाला. मुख्यमंत्री असताना यशवंतराव चव्हाण तिथे येऊन गेले. जमीन विकावी लागली तरी पोरं शाळेत घाला, असं बाबा सांगायचे, ही आठवण वंजारी घरांतून आजही निघते. १९६५ साली बाबा गेले. त्यांच्यामागे राहिला एक गड, आणि तो आपला आहे असं मानणारा डोंगरपट्ट्यातला एक मोठा समाज. सत्तेत तेव्हा त्याची गणती नव्हती.

म्हणजे २०२४ च्या दसऱ्याला आमनेसामने आलेल्या दोन गडांची नाळ काही दशकांपूर्वी एकाच गाभाऱ्यात होती. मेळाव्यांच्या भाषणांत हे कुणी फारसं काढत नाही.

बीडचा मतदार मात्र तोवर कुणा एका गडाचा नव्हता. निजामाच्या राज्यातून सुटून चार वर्षं होत होती तेव्हा, १९५२ च्या पहिल्या लोकसभेला, त्याने रामचंद्र गोविंद परांजपे यांना पाठवलं; पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या आघाडीचे. १९६७ साली तर कमालच केली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून बीडमध्ये उभे राहिले आणि निवडून आले. सांगलीकडच्या येडे मच्छिंद्रचा माणूस, इथे ना जात, ना जमीन, ना सोयरीक. होती ती रांगडी वाणी आणि इंग्रजांशी लढल्याची पुण्याई. १९७७ ला पुन्हा मार्क्सवादी, गंगाधरअप्पा बुरांडे. मधल्या काळात काँग्रेस जिंकत होती, हरत होती. हा जिल्हा मागास, म्हणून मुकाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकदा बघावी.

पण १९७२ च्या दुष्काळाने जिल्ह्याचं कंबरडं मोडलं आणि एक वेगळंच वेळापत्रक घालून दिलं. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन घाट उतरायचा. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत होते, त्यांना तोड्ये हवे होते. बीड, पाथर्डी, शेवगावकडच्या कोरड्या डोंगरांत ते मुबलक होते. त्यांत वंजारी जास्त. पण बंजारा, बौद्ध, मातंग, धनगर आणि अल्पभूधारक मराठाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, पावसाळ्यात उचल देतो, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या कष्टाचे पैसे आधी. ते लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपतात, आणि हंगामात माणूस ते फेडत राहतो. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, त्याचा दंड. फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. पहाटे चारला उठून तोड, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून गाडीत भरणं. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून येतील ते चार पैसे बाईच्या पदराला.

लोकशाहीच्या हिशेबात हा माणूस कुठे बसतो? वर्षातले पाच-सहा महिने तो मतदारयादीतल्या गावात नसतो. जिथे असतो तिथे त्याचं मत नसतं. कारखान्याच्या निवडणुकीत सभासद ऊस उत्पादक, तोडणारा नव्हे. गावच्या ग्रामसभेच्या वेळी तो फडात. त्याचा मालक कोण हेही धड ठरत नाही. कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. अशा माणसाचं प्रतिनिधित्व करायचं तर कुठल्या सभागृहात करायचं?

उत्तर मिळालं ते मैदानात.

परळीजवळच्या नाथ्र्यात १२ डिसेंबर १९४९ ला जन्मलेले गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईच्या कॉलेजात आले, प्रमोद महाजनांचे मित्र झाले, संघात गेले, आणीबाणीत तुरुंगात बसले. १९८० साली रेणापूर मतदारसंघातून आमदार, १९८५ ला पराभूत, १९९० पासून पुन्हा सलग. भाजपला तेव्हा शेटजी-भटजींचा पक्ष म्हणायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. वसंतराव भागवतांनी 'माधव'चं गणित मांडलं: माळी, धनगर, वंजारी. मराठा नेतृत्वाच्या काँग्रेसबाहेर जे राहिले त्यांना एकत्र आणायचं. गणित पुण्यात मांडलं गेलं असेल. त्याला आवाज मिळाला तो मुंड्यांचा.

त्या आवाजात काय होतं? ज्यांनी सभा ऐकल्या त्यांना आशय फारसा आठवत नाही, सूर आठवतो. हात हवेत, वाक्य अर्धं सोडून गर्दीकडून पुरं करून घेणं, मुंबईच्या बड्या पुढाऱ्याला थेट नावाने हाक मारणं. फडातल्या माणसाने ज्याच्याशी नजर भिडवली नव्हती, त्याला आपला माणूस माइकवरून अरे-तुरे करतोय, हे ऐकण्यातलं सुख सभागृहातल्या तारांकित प्रश्नाने मिळत नाही. १९९४ साली शरद पवारांच्या सरकारविरुद्ध त्यांनी संघर्ष यात्रा काढली. १९९५ ला उपमुख्यमंत्री झाले, गृहखातं हाती आलं. कोयतेवाल्याच्या घरचा फोटो मंत्रालयात पोचला, असं तेव्हा बीडमध्ये वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं.

दसऱ्याचा भगवानगडावरचा मेळावा हे या सगळ्याचं शिखर. दसराच का, याचं धार्मिक उत्तर सोपं आहे. माझ्या मते खरं उत्तर ऊसतोडीच्या वेळापत्रकात आहे: समाज एकत्र गावी असण्याचे ते शेवटचे दिवस. नंतर खरोखरचं सीमोल्लंघन, बैलगाडी-ट्रॅक्टरसकट. निघण्याआधी गडावर यायचं, बाबांचं दर्शन घ्यायचं, साहेबांना ऐकायचं. आणि तिथे आणणारा कोण? बहुतेक वेळा तोच, जो आठवड्याभराने कारखान्यावर नेणार. मुकादमाची गाडी दोन्ही कामांना चालते.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. तोडणीचा दर ठरायचा कसा? संप व्हायचा, 'कोयता बंद'ची हाक यायची, कारखाने अडायचे, आणि मग लवाद बसायचा. कारखान्यांकडून शरद पवार, मजुरांकडून गोपीनाथ मुंडे. पुढे त्या खुर्च्यांवर जयंत पाटील आणि पंकजा मुंडे बसले. दोघं बोलायचे, टक्का ठरायचा, मजूर निघायचे. दरवाढ व्हायची, हे नाकारून चालणार नाही. कोणत्याही कामगार न्यायालयाने इतक्या लवकर ती दिली नसती. पण ज्यांच्या मजुरीचा हा करार, त्यांची त्यावर ना सही, ना मतदान. संघटना होत्या, डाव्यांच्याही होत्या, त्या बाहेर उभ्या. साहेबांचा शब्द हाच करार. साहेब असेपर्यंत तो चालला.

आपल्याकडे लोकानुनय म्हटलं की कर्जमाफी आणि निवडणुकीच्या तोंडावर खात्यात पडणारे दीड हजार आठवतात. ते वाटप झालं. ते कुणीही करतं. मी म्हणतोय ती तऱ्हा वेगळी. एक माणूस उभा राहतो आणि सांगतो: ते मूठभर, आपण सगळे, आणि आपल्या सगळ्यांच्या वतीने मी. अमेरिकेत १८९२ साली कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी रेल्वे कंपन्या आणि बँकांविरुद्ध पीपल्स पार्टी काढली, तिथून या तऱ्हेला इंग्रजीत नाव मिळालं. अर्जेंटिनात ऑक्टोबर १९४५ मध्ये अटकेतल्या पेरोनसाठी कारखान्यांतले मजूर राजधानीच्या चौकात येऊन ठाण मांडून बसले. शहरी सभ्य माणसं त्यांना 'बिनसदऱ्याचे' म्हणून हिणवत; पेरोनने तेच नाव बिरुद करून टाकलं. पेरोनच्याच काळात, १९४७ साली, तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. आणि पेरोनच्याच काळात वर्तमानपत्रं बंद पडली, न्यायाधीश हटवले गेले. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदल्या. बीडला ब्वेनोस आयर्स म्हणायचं नाही मला. पण जो दरवाजा बिनसदऱ्याच्या माणसाला आत घेतो तोच पुढे एका माणसाच्या मालकीचा होतो, हे तिथेही दिसलं, इथेही.

मुंड्यांच्या बाबतीत दरवाजा उघडला हे निर्विवाद. मंडलच्या बाजूने ते पक्षातल्या अनेकांआधी उभे राहिले. २०१० साली लोकसभेत त्यांनी ओबीसींच्या जनगणनेची मागणी मांडली तेव्हा त्यांचा पक्षही चाचपडत होता. १९९४ पासून पंचायतींमध्ये ओबीसींना २७ टक्के जागा मिळाल्या. बीडच्या वाड्या-तांड्यांवर ज्यांनी कधी खुर्ची पाहिली नव्हती ते सरपंच झाले. त्यांच्या पाठीशी एक मोठा फोटो होता, म्हणून गावचा पाटील जरा दबून राहिला.

मालकीचंही तितकंच निर्विवाद. २००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली, परळी नावाने मतदारसंघ आला. मुंडे लोकसभेला गेले, परळी मुलीला, पंकजाला दिली. पुतण्या धनंजय दुखावला, पुढे राष्ट्रवादीत गेला. २०१४ ला पंकजांनी धनंजयला हरवलं, २०१९ ला धनंजयने पंकजाला. परळीत सत्तेविरुद्ध मत द्यायचं म्हटलं तरी मुंडेंनाच द्यावं लागावं, अशी ती दहा वर्षं होती. बाहेरच्याला हे नाटक वाटतं. आतल्या माणसाला ते घरचं भांडण वाटतं, आणि घरच्या भांडणात तिसऱ्याने बोलायचं नसतं.

३ जून २०१४. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन आठवडा झाला होता. दिल्लीत सकाळी विमानतळाकडे जाताना गाडीला धडक बसली आणि मुंडे गेले. दुसऱ्या दिवशी परळीत जी गर्दी लोटली ती शोकाची होती तशी संतापाचीही. अपघात मानायला लोक तयार नव्हते, चौकशीच्या घोषणा झाल्या, दगडही पडले. ऑक्टोबरात बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही. मुंड्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. देशातलं तोवरचं सर्वांत मोठं मताधिक्य. त्या दिवशी रांगेत उभा राहिलेला माणूस खासदार निवडत होता की तिरडीला खांदा देत होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. परळीजवळ पांगरीला, वैद्यनाथ कारखान्याच्या परिसरात, समाधीवर स्मारक झालं. नाव गोपीनाथगड. पुढाऱ्याचाही गड झाला.

मूळ गडावर मात्र वेगळंच घडत होतं. महंत नामदेवशास्त्री सानप यांनी गडावरून राजकीय भाषणं होणार नाहीत असं जाहीर केलं. २०१६ चा मेळावा पंकजांनी गडाच्या पायथ्याशी घेतला. २०१७ पासून तो बाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला नेला, तिथे भगवान भक्तिगड उभा राहिला. आपण लोकांच्या मनातल्या मुख्यमंत्री आहोत, असं पंकजाताई मंत्री असताना एकदा म्हणाल्या होत्या. त्यावरून गहजब झाला, पण मला ते वाक्य प्रामाणिक वाटतं. पद सभागृहात आणि सत्ता मनात, अशी विभागणी त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली होती. फक्त त्यांनी ती बोलून दाखवली.

एक पान उलटून बायकांचा हिशेब मांडू. बीड लोकसभेच्या १९८० पासूनच्या तेरा लढतींत सहा वेळा बाई निवडून आली: केशरकाकू क्षीरसागर तीनदा, रजनी पाटील एकदा, प्रीतम मुंडे दोनदा. महाराष्ट्रातल्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या जिल्ह्यांनी मान खाली घालावी असा हा आकडा. आता दुसरा आकडा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याला दंड पडतो, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, उचलीतून ऑपरेशन होतं, आणि ती उचल फेडायला बाई टाके वाळायच्या आत पुन्हा फडात. खासदार बाई होती, पालकमंत्री बाई होती, आणि हे चालू होतं. मजुरांसाठी गोपीनाथरावांच्या नावाचं महामंडळ जाहीर झालं तेही बरीच वर्षं कागदावरच फिरत राहिलं. मैदानावरच्या भाषणात या बाईला जागा होती, 'माझी ऊसतोड माउली' म्हणून. तिच्या पिशवीची नोंद ठेवणारं रजिस्टर मात्र कुणी मागितलं नव्हतं.

आता दुसऱ्या मैदानाकडे.

मराठा समाजाला प्रतिनिधी नव्हते असं कुणी म्हणू शकत नाही. आमदार, कारखान्यांचे चेअरमन, जिल्हा बँकेचे संचालक, सगळे होते. गोची तिथेच होती. बीडच्या दोन-तीन एकरवाल्या मराठ्याला आपल्या आडनावाचा आमदार होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. कापूस गेला, मुलीचं लग्न अडलं, मुलाची भरती हुकली, तेव्हा त्याने शेजारच्या तांड्यावर-वाडीवर आरक्षणातून लागलेली नोकरी पाहिली. आमदाराला जाब विचारण्यापेक्षा शेजाऱ्याच्या दाखल्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. ते तसंच झालं.

कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचार आणि खुनानंतर २०१६ साली मराठ्यांचे मूक मोर्चे निघाले, ऑगस्टअखेर बीडलाही निघाला. पुढाऱ्यांना मागे चालायला लावणारे, मुलींच्या हातून निवेदन देणारे, घोषणा नसलेले मोर्चे. नेता नाही हीच त्यांची शान होती. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा आला, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडला. आणि सात वर्षं न बोललेल्या त्या गर्दीला २९ ऑगस्ट २०२३ ला जालन्याच्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसलेला एक माणूस मिळाला. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि एका रात्रीत महाराष्ट्राला त्याचं नाव कळलं. मनोज जरांगे मूळचे बीडच्या शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. कृश शरीर, गळ्यात भगवा गमछा, अस्सल मराठवाडी बोली, मुख्यमंत्र्यांना आणि उपमुख्यमंत्र्यांना नावाने हाक. 'गरजवंत मराठा' हा त्यांचा शब्द. त्यात समाजातल्या बड्यांनाही बाजूला काढलेलं. ज्यांनी मुंड्यांच्या सभा ऐकल्या होत्या त्यांना हा सूर ओळखीचा वाटायला हवा होता. फरक इतकाच की मुंड्यांकडे पक्ष होता, विधिमंडळ होतं, वाटाघाटीचा सराव होता. जरांग्यांकडे स्वतःचं पोट होतं, आणि ते उपाशी ठेवण्याची तयारी.

३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आमदार प्रकाश सोळंकेंचा बंगला पेटवला गेला. संध्याकाळी बीड शहरात संदीप क्षीरसागरांचं घर, राष्ट्रवादीचं कार्यालय. सोळंके मराठा, क्षीरसागर ओबीसी. पेटवणाऱ्यांनी त्या दिवशी जात पाहिली नाही, आमदारकी पाहिली. जरांग्यांनी जाळपोळीपासून हात झटकले, संचारबंदी लागली. पण त्यानंतर मात्र जात पाहणंच सुरू झालं. अंबडला छगन भुजबळांची ओबीसी एल्गार सभा, बीडला जरांग्यांची सभा, जेसीबीतून उधळलेली फुलं, क्रेनला टांगलेले हार. गावातल्या पोरांचे व्हॉट्सअॅपचे ग्रुप फुटले. कुणाच्या दुकानातून काय घ्यायचं नाही याच्या शपथांचे व्हिडिओ फिरले.

१३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान. मे महिना, म्हणजे तोड्ये गावी परतलेले. मतदान सुमारे ७१ टक्के. राज्यशास्त्राच्या पुस्तकात याला सहभाग वाढला म्हणतात, आणि वाढलाच होता. वर्षानुवर्षं न हलणारी वस्ती त्या दिवशी सकाळीच रांगेत होती. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडेंना ६,५५३ मतांनी हरवलं. त्या निकालानंतर पंकजांच्या काही तरुण समर्थकांनी जीव दिला. पंकजाताईंना पुन्हा पुन्हा हात जोडून असं करू नका म्हणावं लागलं. एखाद्याने पराभव इतका स्वतःच्या अंगाला लावून घ्यावा, यात नेत्यावरचं प्रेम आहे हे खरं. पण मत ही पाच वर्षांनी परत मागता येणारी वस्तू आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

जरांग्यांनी विधानसभेला उमेदवार देणार म्हणून इच्छुकांना बोलावलं, आणि ४ नोव्हेंबरला माघार घेतली. एका जातीच्या बळावर निवडणूक जिंकता येत नाही हे कारण सांगून. कारण बरोबर होतं. राहिला शब्द 'पाडा'. कुणाला निवडायचं ते नाही, कुणाला पाडायचं ते. मैदानाला पाडता येतं, हे लोकसभेला दिसलं होतं. विधानसभेला बीडच्या सहापैकी पाच जागा महायुतीला गेल्या. परळीत धनंजय मुंडे एक लाख चाळीस हजारांवर मतांनी आले. सहा महिन्यांत लाट फिरली, की ती लाटच नव्हती, यावर चहाच्या टपऱ्यांवर अजून वाद होतात.

आणि याच सगळ्या काळात बीडची जिल्हा परिषद रिकामी होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा खटला न्यायालयात अडकलेला, निवडणूक नाही. सदस्य नाहीत, सभापती नाही, अधिकारी प्रशासक म्हणून कारभार बघणार. आरक्षणासाठी दोन मैदानं भरत होती आणि आरक्षणावरूनच खालचं सभागृह बंद होतं. टँकर, शाळेचे पत्रे, दवाखान्याची नर्स, हे ज्यांच्याकडे जाऊन भांडायचं ते सदस्यच जिल्ह्यात उरले नव्हते. उरले होते ते सरपंच. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तो जोडला गेला. प्रकरण न्यायालयात गेलं. बीडमध्ये मोर्चा निघाला, याच प्रकरणाच्या गदारोळात मार्च २०२५ मध्ये धनंजय मुंड्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुनाबद्दल कोण बोलतंय हे लोक आधी आडनावावरून पाहत होते, आणि मग ऐकायचं की नाही ते ठरवत होते. त्याच सुमारास बीड पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. नुसतं पहिलं नाव. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने समोरच्या हवालदाराची जात वाचू नये म्हणून.

पण परत त्या दसऱ्याकडे येऊ. १२ ऑक्टोबरच्या रात्री दोन्ही गडांवरून गाड्या उतरल्या. सावरगावहून आलेल्या आणि नारायणगडाहून आलेल्या कित्येक घरांत त्या रात्री एकच काम निघालं असणार: कोयत्याला धार, कोपीसाठी ताडपत्री, पोरांना आजीकडे ठेवायचं की बरोबर न्यायचं याची बोलणी. सरकारने गाळप हंगामाची तारीख १५ नोव्हेंबर ठरवली होती. निवडणूक आयोगाने मतदानाची तारीख २० नोव्हेंबर ठरवली. मजूर आधीच कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात.

मग अशा वेळी जे होतं ते होतं. आदल्या रात्री फडाच्या बांधावर गाडी येऊन लागते. मुकादम नावं पुकारतो. कोण येणार, किती मतं, एका खाड्याचे पैसे कोण देणार, जेवणाचं काय, हे बांधावरच ठरतं. दुसऱ्या घरचा माणूस विचारतो, गाडी कुणाची आलीय. नाव ऐकून तो चढतो, नाहीतर कोपीत परत जाऊन झोपतो. रात्रभराचा प्रवास, सकाळी शाळेतली रांग, बोटाला शाई, बसस्टँडवर वडापाव, आणि दुपारी तीच गाडी उलटी. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ते बोट पुन्हा कोयत्यावर.